हजाराचा गुणाकार

पाणीपुरवठ्याच्या त्या कार्यालयात त्याला नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं. वय एकावन्न, केस मागे हटत हटत निम्म्या डोक्यापर्यंत गेलेले, शिडी चढताना गुडघे कुरकुरणारे, आणि तरी सगळ्यांसाठी तो आपला 'धाकटा'. तिसऱ्या मजल्यावर नकाशाखोली होती, तिथल्या प्रमुख म्हणजे ताई, आणि हा ताईंचा धाकटा. सख्खा भाऊ, सात वर्षांनी लहान. सव्वीस वर्षांपूर्वी ताईनेच त्याचा नोकरीचा अर्ज स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिला, त्याच्याकडून सही तेवढी घेतली आणि पहिल्या दिवशी त्याला हाताला धरल्यासारखं आत आणलं. दारावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, "हा कोण?" ताई म्हणाली, "माझा धाकटा." शिक्का बसला तो बसला.

काम तारांचं. चारही मजल्यांवरचे कॉम्प्युटर एकमेकांना आणि बाहेरच्या जगाला जोडणारं जाळं त्याने विणलेलं होतं. त्या इमारतीच्या भिंतींत त्याने पाडलेलं नाही असं भोक शोधून सापडलं नसतं. पण जाळ्याचं काम मोठं कृतघ्न. चालतंय तोवर ते कोणी लावलं याची कोणाला आठवण नसते, आणि दोन मिनिटं बंद पडलं की वरपासून खालपर्यंत एकच आरोळी उठते, "धाकट्याला बोलवा!" आणि हा हातात पक्कड घेऊन, शर्टाला चुना लागलेला, धावत सुटायचा. सव्वीस वर्षांत त्याला कोणी खुर्ची दिली नव्हती. जिथे बिघाड तिथे उकिडवं बसायचं, झालं.

याची सल त्याला होती. बोलून दाखवत नसे, पण ताईबद्दल कोणी भरभरून बोलायला लागलं की त्याचा चेहरा बारीक व्हायचा. ताईचं सगळं त्याला माहीत होतं. आधी त्याचं शिक्षण, मग त्याचं लग्न, मग त्याच्या मुलीचं आजारपण, या सगळ्यांत ताईचं स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं होतं. उपकार एवढे मोठे झाले की माणसाला ते अंगावर बाळगवत नाहीत. त्यालाही बाळगवत नव्हते, आणि हे स्वतःशी कबूल करायची त्याची छाती नव्हती.

मग नवे साहेब आले. आल्या आल्या त्यांची तक्रार, नेट गोगलगाईसारखं चालतं. "कोण किती वापरतंय, कुठे अडतंय, मला बसल्या जागी दिसलं पाहिजे," असं म्हणून त्यांनी जाळ्यावर लक्ष ठेवणारा एक प्रोग्रॅम मागवला. त्याचं मूळ नाव हातभर लांब होतं. ऑफिसने ते दोन दिवसांत कापून 'नजर' केलं. 'नजर' लावायची कोणी, तर धाकट्याने. आणि ती लावायला बसायचं कुठे, तर तळमजल्यावरच्या थंडगार सर्व्हररूममध्ये, चाकांच्या खुर्चीत. पहिल्या दिवशी त्याने त्या खुर्चीत एक पूर्ण गिरकी घेतली. कोणी बघितलं नाही हे बरं झालं.

'नजर' लावणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगायला हवं, कारण पुढचा सगळा अनर्थ त्यातूनच झाला. प्रत्येक मजल्यावर एक पेटी असते. मजल्यावरच्या सगळ्या तारा तिथे येऊन मिळतात, तिचे हिरवे दिवे दिवसभर लुकलुकत असतात. तिला स्विच म्हणतात. कॉम्प्युटरवरून जे काही पाठवावं ते बारीक तुकडे होऊन या पेटीतून जातं. दर सेकंदाला हजारो तुकडे. एकेक मोजत बसलं तर पेटीची दमछाक होते. म्हणून पेटीला सांगायचं, हजारातला एकच तुकडा पकड आणि 'नजर'ला कळव. आणि 'नजर'ला सांगायचं, एक कळला की तू हजार समज. दोन्हीकडचा आकडा एकच हवा. नियम एवढाच, शाळकरी पोराला कळेल असा.

पहिला प्रयोग त्याने तिसऱ्या मजल्यावर केला. तिथेच का? तर इतर मजल्यांवर मिनिटभर नेट गेलं की लोक अंगावर धावून येत. ताई मात्र स्वतः स्टूल धरून उभी राहिली. पेटीच्या मागे तिने टॉर्चचा उजेड पाडला आणि सारखी म्हणत राहिली, "जपून रे, गुडघा सांभाळ." प्रयोग म्हणून त्याने त्या पेटीला शंभरातला एक पकडायला सांगितलं. काम झकास झालं. डायरीत त्याने लिहिलं, 'तिसरा मजला, झालं', आणि पुढे एक ठसठशीत खूण केली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की शंभरातला एक म्हणजे फार तुकडे होतात, खालच्या मजल्यांवरच्या गर्दीत ते पेट्यांना झेपायचं नाही. हजारच ठेवू. मग त्याने डायरी उघडली आणि यादीप्रमाणे निघाला. तळमजला, हजार. पहिला, हजार. दुसरा, हजार. तिसऱ्यापुढे खूण होती. तो पुढे गेला. आणि खाली येऊन 'नजर'ला त्याने एकदमच सांगून टाकलं, सगळे मजले, हजार.

म्हणजे ताईच्या मजल्यावरची पेटी शंभरातला एक पकडत होती आणि 'नजर' त्याला हजाराने गुणत होती. तिथून एक वस्तू गेली की इथे दहा दिसायच्या. धाकट्याला याचा पत्ता नव्हता. आपल्याला आहे, तेव्हा पुढचं ऐकताना दातओठ खायला आपण मोकळे.

पंधरा दिवसांनी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. पडद्यावर चार मजल्यांचे चार उभे पट्टे होते. तीन बेताचे, आणि तिसऱ्या मजल्याचा लालभडक, वर जाऊन टेकलेला. त्यात सगळ्यात मोठा वाटा ताईच्या कॉम्प्युटरचा. ताईचं काम असं होतं. शहराच्या पोटातल्या नळांचे जुने कागदी नकाशे ती स्कॅन करायची आणि ऑफिसने एका बाहेरच्या कंपनीकडे भाड्याने घेतलेल्या साठवणीत पाठवायची. रोज चाळीस. रजिस्टरमध्ये तशी नोंद, खाली सही. 'नजर'च्या हिशेबाने रोज चारशे नकाशांइतका माल बाहेर जात होता.

"वरचे तीनशेसाठ कोणाला जातात?" साहेबांनी विचारलं. हे नकाशे मिळवायला ठेकेदार टपून बसलेले असतात, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि त्या साठवणीच्या कंपनीत ऑफिसचं खातं होतं, तसं ठेकेदाराचंही असू शकत होतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसणार.

"आकडा पक्का आहे ना?" साहेब म्हणाले. "त्या तुमच्या भगिनी आहेत, म्हणून विचारतो."

आता इथे कोणीही म्हणालं असतं, साहेब, एकदा तपासून सांगतो. धाकटा ताठ बसला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा साहेबाच्या केबिनमध्ये तो खुर्चीवर बसला होता. तो म्हणाला, "साहेब, यंत्राला नातीगोती नसतात. आणि या कामाला बसलो की मलाही नाहीत."

साहेबांनी उठून त्याची पाठ थोपटली. ते वाक्य तासाभरात चारही मजले फिरून आलं. लोक जिन्यात त्याला वाट द्यायला लागले. तिसऱ्या मजल्यावर जाऊन पेटी उघडून बघायला त्याला पाच मिनिटं लागली असती. तो गेला नाही. का गेला नाही? वाक्य फार छान जमलं होतं म्हणून. दुसरं काही कारण शोधू नये, मिळणार नाही.

चौकशी झाली. टेबलापलीकडे तीन अधिकारी, अलीकडे ताई, मांडीवर रजिस्टर. भिंतीला टेकून धाकटा, कारण आकडे समजावून सांगायला त्याला बोलावलं होतं. ताई म्हणाली, "रोज चाळीसच."

"मग यंत्र खोटं बोलतं असं म्हणायचंय का तुम्हाला?"

ताईने मान वळवून भावाकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, हेच तर वाईट. "यंत्र धाकट्याने लावलंय," ती म्हणाली. "तो कामात चुकत नाही. ते खोटं नसणार. पण नकाशे चाळीसच."

अधिकारी हसले. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा असतील? त्यांनी तिला सांगितलं, प्रकरण वर पाठवलं तर अब्रूचे धिंडवडे निघतील. त्यापेक्षा तब्येतीचं कारण देऊन स्वतःच बाजूला व्हा. तिने दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी सही केली. निवृत्तीला दोन वर्षं होती. निरोप नाही, भाषण नाही. भर दुपारी आपलं भिंग, पाठीमागची उशी आणि स्वतःचा स्टेपलर पिशवीत घालून ती निघाली. सर्व्हररूमच्या दाराशी थांबली. "येते रे," म्हणाली.

तो पडद्याकडे बघत होता. "हं," म्हणाला.

ती गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी तिच्या जागी आलेल्या माणसाचा कॉम्प्युटर जोडायला धाकटा नकाशाखोलीत गेला. स्टूल धरायला कोणी नव्हतं. भिंतीचा आधार घेत तो वर चढला, आपल्या लॅपटॉपची तार पेटीला लावली आणि पेटीच्या सेटिंगची पानं खाली सरकवत गेला. एका ओळीवर त्याचा हात थांबला. शंभर.

तो स्टुलावरून उतरला. खिशातली डायरी काढली. 'तिसरा मजला, झालं.' खूण. तारीख. चाळीस आणि चारशे. बरोबर दहापट, ना कमी ना जास्त. चोर काय मोजूनमापून दहापट चोरतो? हे साहेबांना कळलं नाही, अधिकाऱ्यांना कळलं नाही, ते जाऊ द्या. ज्याचं उभं आयुष्य यात गेलं त्यालाही कळू नये? कळलं असतं, पण त्याला कळून घ्यायचं नव्हतं.

तो खाली आला. 'नजर'मध्ये तिसऱ्या मजल्यापुढे हजार लिहिलं होतं. त्याने एक शून्य पुसलं. आकडे ताबडतोब खाली आले. आता सोमवारी साहेबांना सांगू, असं त्याने ठरवलं. आधी बिघाड दुरुस्त करायचा, मग सांगायचं, ही त्याची जन्माची सवय. तारेच्या कामात ती चांगली. इथे तिने घात केला.

सोमवारी साप्ताहिक बैठक होती. धाकटा तोंड उघडणार एवढ्यात साहेबांनीच पडदा लावला. तिसऱ्या मजल्याची रेघ तीन-चार आठवडे उंच उंच चाललेली, आणि मग कडा कोसळावा तशी खाली. साहेबांनी त्या जागेवर बोट टेकवलं. "बाई गेल्या, रोजचे चाळीस नकाशे अजूनही जातातच, आणि तीन दिवसांत बघा. एक दशांश! काहींना वाटत होतं मी घाई केली. आता बोला."

कोणीतरी "बाप रे" म्हणालं. ताईच्या हाताखाली बारा वर्षं काम केलेला कारकूनसुद्धा मान हलवून म्हणाला, "माणूस ओळखता येत नाही हेच खरं." साहेबांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. टाळ्या धाकट्यासाठी होत्या. ताईवर तोपर्यंत नुसता संशय होता. पुरावा त्याने स्वतःच्या बोटाने, एक शून्य पुसून, तयार केला होता.

तो मूग गिळून बसला. त्या दिवशी, आणि दुसऱ्या, आणि मग रोज. पंधरवड्याने सर्व्हररूमच्या दारावर पाटी लागली, त्याच्या पूर्ण नावाची, खाली 'नेटवर्क अधिकारी'. पाटी बसवणाऱ्याने स्क्रू पिळता पिळता विचारलं, "हे कोण हो?" सव्वीस वर्षांनी आपलं नाव कोणाला माहीत नाही याचं त्याला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

घरी बायको दर रविवारी म्हणायची, "ताईंना फोन तरी करायचा." तो म्हणायचा, करतो. मग तिने म्हणणं सोडून दिलं. ती स्वतःच जाऊन येई, आणि आल्यावर त्याला काही सांगत नसे.

चार महिने असे गेले. मग एका शनिवारी 'नजर'ने पडद्यावर एक ओळ दाखवली. एकशे वीस दिवसांपूर्वीची तपशीलवार नोंद सोमवारी काढून टाकली जाईल. सरासरी तेवढी राहील. एकशे वीस हा आकडाही त्यानेच घातलेला. त्या तपशिलात एक ओळ अशी होती. तिसरा मजला, हजाराचे शंभर केले, तारीख, वेळ, करणाऱ्याचं नाव. उभ्या जगात ताई निर्दोष असल्याचा तेवढाच पुरावा होता. त्याने त्या ओळीचा कागद छापून घेतला आणि चौपदरी घडी करून खिशात ठेवला.

तो कागद साहेबांच्या टेबलावर कधीच गेला नाही, हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे उगाच आशा लावून बसायला नको. तो गेला रविवारी दुपारी ताईच्या घरी. धाकट्याला वाटत होतं, ताईला आधी सांगावं. ताई म्हणेल, 'जाऊ दे रे, झालं ते झालं.' ती नेहमी तेच म्हणत आली होती. मग छातीवरचा दगड उतरेल, आणि सोमवारी ती ओळ जायची ती जाईल. माफी मागायला चाललोय अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. खरं म्हणजे तो सुटका मागायला चालला होता.

ताईने दार उघडलं आणि तिचा चेहरा फुलला. "अरे, ये ये! चार महिने कुठे होतास?" तिने चहा टाकला. खोली नेहमीसारखी लख्ख. खिडकीशी टेबल, टेबलावर भिंग आणि एक दोनशे पानी वही. चहाचा कप त्याच्या हातात देऊन ती समोर बसली आणि वही उघडून त्याच्याकडे सरकवली.

"बरं झालं आलास. मला तुलाच विचारायचं होतं," ती म्हणाली. "बघ, मी रोज काय करायचे ते सगळं लिहून काढलंय. झाकण उघडायचं, नकाशा उलटा ठेवायचा, हिरवं बटण, मग नाव द्यायचं, मग पाठवायचं. एकेक पायरी. तुझं यंत्र चुकणार नाही, म्हणजे माझंच काहीतरी चुकत असणार ना? मला वाटतं ते पाठवायचं बटण मी दोनदा दाबत असेन. नाहीतर आतल्या आत दहा दहा प्रती जात असतील. तू बघ ना, कुठे चुकले मी?"

वहीत पानामागून पान तेच होतं. तारखा घातलेल्या. एकाच क्रमाच्या चाळीस-पन्नास नोंदी, मध्ये खोडाखोड, समासात प्रश्नचिन्हं. ज्या अक्षरात सव्वीस वर्षांपूर्वी तिने त्याचा अर्ज लिहिला होता, त्याच अक्षरात ती चार महिने स्वतःचा गुन्हा शोधत बसली होती.

धाकट्याने कप खाली ठेवला. खिशातून कागद काढला, घडी उलगडली आणि वहीवर ठेवला. "ताई, तुझं काही चुकलं नाही," तो म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं. शंभर, हजार, डायरीतली खूण, पुसलेलं शून्य, बैठकीतल्या टाळ्या.

ताईने भिंग घेऊन ती एक ओळ वाचली. दोनदा वाचली. तिच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, अगदी लख्ख, एखाद्याचं दुखणं थांबावं तशी. "म्हणजे मी काहीच केलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही गं."

"साहेबांना दाखवलंस?"

"अजून नाही. आधी तुला... तू म्हणालीस तर उद्या दाखवतो."

"मी म्हणाले तर?"

ताईची नजर पुन्हा कागदावर गेली. तारखेवर थांबली. "तुला कधी कळलं हे?"

खोटं बोलायला जागा नव्हती, तारीख तिथेच छापलेली होती. "तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी."

ताईने वहीची पानं मागे मागे उलटत नेली, पहिल्या पानापर्यंत, आणि वही मिटली. कागदाची होती तशीच चौपदरी घडी केली आणि त्याच्यासमोर ठेवली. तो वाट बघत होता. आता म्हणेल, जाऊ दे रे. ती उठली. त्याचा अर्धा राहिलेला कप उचलून आत घेऊन गेली, तो विसळल्याचा आवाज आला. मग येऊन तिने दार उघडलं.

"तुम्हाला उशीर होत असेल," ती म्हणाली.

धाकट्याने वळून मागे पाहिलं. कोणी आलंय की काय, कोणाशी बोलतेय ही? खोलीत दोघंच होते. एकावन्न वर्षांत ताईने त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मग त्याला कळलं.

"ताई, अगं..."

"या तुम्ही," ताई म्हणाली. आवाज शांत होता, ऑफिसात कोणा परक्या माणसाशी बोलावा तसा. "जिन्यात दिवा नाही. जपून उतरा."